फोनमध्ये नाव काय म्हणून सेव्ह करता?

अण्णा माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. वय सत्तरीच्या आसपास, अंबडच्या कारखान्यातून निवृत्त, आणि समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाचं काम एक पैसा न घेता करणारे. सोबत सूनबाई होत्या. "फोन वाजला की दचकतात. मंडळाचे फोन घेणं तर बंदच केलंय," त्या म्हणाल्या. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. निदान या विषयावर लिहिताना तरी ते पाळायलाच हवं.)

घडलं ते असं. मंडळात नाव नोंदवलेल्या एका मुलीनं नव्या नोकरीत एका सहकाऱ्याला पहिल्यांदाच फोन केला. त्याच्याकडे अनोळखी नंबर कुणाचा ते दाखवणारं अ‍ॅप होतं. स्क्रीनवर आलं, 'घटस्फोटित सातपूर ३१'. ऑफिसात तिनं यातलं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. स्थळं जुळवणाऱ्याशिवाय माणसाला असं कोण लिहिणार? तिनं अण्णांना फोन लावला आणि चांगलं सुनावलं. त्यातलं एक वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं: "मला नाव नव्हतं का, काका?"

यादी दाखवायला त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. मी तो घेतला नाही. म्हटलं, नावं-नंबर राहू द्या, कसं लिहिता तेवढं सांगा. त्यांनी सांगितलं: 'हातावर कोड', 'वडील पितात', 'दोनदा मोडलं', 'एक किडनी'. यात दुष्टपणा कुठेच नव्हता. एकाच आडनावाची डझनभर घरं, त्यात एकाच नावाच्या तीन मुली. फोन आला की कोण ते पटकन कळावं, एवढाच हिशेब. आपल्यातले कितीतरी जण असंच करतात. घरमालक, क्लासवाल्या बाई, पतपेढीचे एजंट, सगळ्यांच्या फोनमध्ये असे शेरे सापडतील.

अण्णांना एकच कळत नव्हतं: "माझ्या फोनमधलं त्याच्या फोनमध्ये गेलं कसं?" त्यांच्याही फोनमध्ये तसंच अ‍ॅप होतं, नातवानं टाकून दिलेलं. अशी काही अ‍ॅप्स वापरणाऱ्यांच्या फोनमधली नावं गोळा करून स्वतःची यादी बनवतात. 'संपर्क पाहू द्यायचे का?' असं विचारल्यावर आपण 'अलाऊ' दाबतो, तेव्हा परवानगी आपली असते आणि माहिती दुसऱ्यांची. अ‍ॅप हा त्यातला एक रस्ता. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉन्टॅक्ट पुढे पाठवला की आपण लिहिलेलं नाव जसंच्या तसं जातं. अण्णांनी मुलाकडच्यांना मुलीच्या वडिलांचे नंबर असेच पाठवले होते, 'वडील पितात'सकट. गाडीत ब्लूटूथ जोडलेलं असेल तर डॅशबोर्डवर उमटतं. जुना फोन नातवाला दिला आणि गूगल खातं तेच राहिलं, तर सगळी यादी त्याच्याही हातात.

पुढची भीती कायद्याची. पोलीस येतील का? मी वकील नाही, हे आधी सांगितलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २०१७ मध्ये सांगितलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र एखाद्यानं स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही. मंडळाचं काम घरगुती म्हणायचं का, हे वकिलालाच विचारा, म्हटलं. पण कायद्यातून सुटलात म्हणून तिचा राग खोटा ठरत नाही. हे त्यांना पटलं. किंबहुना ते पटलेलं होतं म्हणूनच झोप उडाली होती.

मग अण्णांनी उपाय सांगितला: सगळे नंबर उडवतो, मंडळ सोडतो, साधा फोन घेतो. अपराधी वाटणारी माणसं बऱ्याचदा अशी स्वतःला शिक्षा देऊन मोकळी होऊ बघतात. मी विचारलं, "यानं त्या मुलीचं काय होईल?" काहीच नाही. फोनमधून नाव पुसलं तरी अ‍ॅपकडे गेलेलं तिथेच राहतं. ते काढायचं तर बहुतेक अशा अ‍ॅपमध्ये नंबरच्या मालकाला स्वतः नाव दुरुस्त करून घेता येतं किंवा नंबर काढून टाकता येतो. म्हणजे हे काम तिलाच करावं लागणार होतं, आणि अण्णांनी करायचं ते तिला नीट माहिती देणं.

माफी कशी मागायची, यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. अण्णांना पेढे घेऊन तिच्या घरी जायचं होतं. मी अडवलं. तिनं हे घरी सांगितलंय की नाही, आपल्याला ठाऊक नाही. पेढे बघून आई विचारणार, कशाचे? मग निरोप लिहायला बसलो. पहिला मसुदा लांबलचक होता. त्यात त्यांची निःस्वार्थ सेवा होती, रक्तदाब होता, 'माझा हेतू वाईट नव्हता' हे तीनदा होतं. वाचणाऱ्या मुलीला वाटावं, आता यांनाच धीर द्यायचा की काय. ते सगळं खोडलं. उरलं ते एवढं: तुमच्या खासगी गोष्टी मी नावाऐवजी लिहिल्या, ते चुकलं. माझ्या फोनमधून ते काढलं आहे. अ‍ॅपमधून काढण्याची पद्धत खाली देतो. मंडळातली तुमची नोंद ठेवायची की नाही, ते तुम्ही सांगा.

तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. 'नोंद काढा.' बस. अण्णा हिरमुसले, त्यांना 'असू द्या काका' हवं होतं. ते देणं तिच्यावर बंधनकारक नव्हतं, आणि हे पचवायला त्यांना रक्तदाबाच्या गोळीपेक्षा जास्त वेळ लागला. नोंद मात्र त्याच संध्याकाळी काढली.

बाकीच्यांना सांगायचं का, हा पेच उरला. सरसकट सगळ्यांना कळवून घबराट करण्यात मला अर्थ वाटेना. पण ज्यांच्या नावापुढे आजार, घटस्फोट, घरातलं व्यसन होतं, त्यांना कळायला हवं, असं माझं मत. अण्णांनी एकेकाला स्वतः फोन केले, आणि तेही ज्याचा नंबर त्यालाच, त्याच्या मामाला नाही. काही चिडले, काहींना विषयच कळला नाही.

आता त्यांच्या फोनमध्ये नाव, आडनाव आणि मंडळाचा नोंदणी क्रमांक एवढंच असतं. बाकी सगळं कपाटातल्या रजिस्टरमध्ये, कुलपात. सेटिंग्जमध्ये परवानग्यांत जाऊन 'संपर्क' या सदराखाली कोणकोणती अ‍ॅप्स आहेत ते सूनबाईंनी पाहिलं. टॉर्चचं एक अ‍ॅप होतं. ते काढूनच टाकलं. सूनबाईंचा आयफोन, त्यात आयओएस १८ या आयफोनच्या सिस्टीमपासून अ‍ॅपला सगळी यादी न देता निवडक नंबर देता येतात.

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी नातेवाइकांना फोन करून छळलं, अशी तक्रार घेऊनही माझ्याकडे लोक येतात. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच अशा अ‍ॅपना संपर्कयादी घ्यायला मनाई केली आहे. तरी कुणी मागितली तर कर्ज तिथे घेऊच नका, आणि छळ सुरू झाला तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

अण्णा मंडळाचे फोन पुन्हा घेऊ लागले आहेत. नव्या नोंदणीच्या वेळी आता विचारतात, "तुमचा नंबर पुढे कुणाला दिला तर चालेल?" परवा एका आईनं त्यावर "कुणालाच नको, आधी मला विचारा" असं सांगितलं, तर त्यांनी रजिस्टरमध्ये तसं लिहून घेतलं.