मुलगी अकरावी सायन्सला आहे. पुढे पुण्यात चांगलं इंजिनिअरिंग कॉलेज मिळायचे चान्सेस वाढवायला आत्तापासून काय करावं? लातूरला पाठवावं का?

हा प्रश्न तीन दिवस झाले समोर येतोय आणि मी पुढे सरकवतेय, कारण यावर लिहायला बसले की मामाचा विषय निघणार हे मला माहिती होतं. असो, निघू दे.

अभ्यासाचं आधी उरकते. सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची राज्याची प्रवेश परीक्षा, २०० मार्कांची, त्यात गणित एकटं १०० चं, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडून उठायचं नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि अकरावी म्हणजे आराम असं समजून पोरं तेच घालवतात. बारावी बोर्डाला ठरलेल्या विषयांत ओपनला ४५ टक्के, रिझर्वला ४० टक्के लागतात, बाकी मेरिट सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत त्यावर. बोर्डाला नव्वद पाडून सीईटी सत्तर पर्सेंटाइलवर आणलेली मुलं आमच्या गल्लीतच दोन आहेत.

लातूरचं म्हणाल तर तिथे शिकवत नाहीत असं नाही, पण लोक एक गोष्ट विसरतात. तुमची होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून केली त्यावर ठरते. लातूरला बारावी केली की ती नांदेडची लागते. ज्या कॉलेजांत होम आणि बाहेरच्यांच्या सीटा वेगळ्या असतात तिथे ७० टक्के होमवाल्यांना, म्हणजे मुलगी आत्ता पुणे विद्यापीठाच्या भागात शिकत असेल आणि पुढे पुण्याचंच कॉलेज पाहिजे असेल, तर लातूरला पाठवून तुम्ही स्वतःच्या हातानं तिला बाहेरची करताय. क्लासवाले हे सांगत नाहीत, त्यांना काय पडलंय.

आता मामा. आम्ही बार्शीचे. २०२३ ला माझ्या भावाला सीईटीत ९३.४१ पर्सेंटाइल पडले. वडील एसटीत कंडक्टर, आई शिवणकाम करते आणि मामा हायस्कूलला मास्तर, त्यामुळे दोन्ही घरांतलं शिक्षणाचं डिपार्टमेंट पहिल्यापासून मामाकडे. मी तेव्हा बीकॉम सेकंड इयरला होते. प्रवेशाची माहिती पुस्तिका अख्खी वाचली होती, दोनदा, पण मी काही बोलले की मामाचं एकच, "तू कॉमर्सची, तुला काय कळतंय यातलं."

ऑप्शन फॉर्म, म्हणजे पाहिजे त्या कॉलेजांची क्रमानं यादी, भरायच्या दिवशी मामा फूलस्केप कागद, पट्टी आणि लाल पेन घेऊन आला. पट्टीनं रकाने आखले. तीनशेपर्यंत ऑप्शन टाकता येत होते, मामानं टाकले नऊ. आणि एक नंबरला टाकलं सोलापूरकडचं एक प्रायव्हेट कॉलेज, कारण "हे मिळणारच". पुण्याची कॉलेजं भावाला पाहिजे होती ती चार, पाच, सहा नंबरला. मी म्हटलं मामा जे पाहिजे ते वर टाक ना. तर म्हणाला, वर मोठं टाकलं आणि ते नाही मिळालं तर तोपर्यंत खालचं भरून जातं, मग घरी बसा.

हे साफ चूक आहे आणि आजही निम्म्या महाराष्ट्राला हेच वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते. कॉम्प्युटर कॉलेजाकडून बघत नाही, मेरिट लिस्टकडून बघतो. रेशनच्या दुकानात तुमचा नंबर आला की तुम्ही आधी साखर मागता, साखर संपलेली असेल तर त्याच जागी उभं राहून गहू मागता, मागचा माणूस काही मध्ये घुसून तुमचे गहू नेत नाही, तसंच आहे हे. तुमच्या नंबरला तुमची यादी वरून खाली तपासतात आणि जी पहिली सीट शिल्लक दिसेल ती तुम्हाला. वर पाच अशक्य कॉलेजं टाकलीत तरी सहाव्याचा चान्स तेवढाच राहतो, कणभर कमी होत नाही.

उलट नुकसान वेगळीकडे होतं. एक नंबरचा ऑप्शन मिळाला की सीट ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्की. बेटरमेंट नाही, सीटवाटपाचा पुढचा राउंड नाही. भावाला पहिल्याच राउंडला एक नंबरचं मिळालं. मामानं पेढे आणले.

रात्री मी कटऑफची पीडीएफ उघडली. तुम्हाला ती वाचता येत नसेल तर आधी ते शिका, क्लासच्या फीपेक्षा जास्त उपयोग होईल. जीओबीसीएच, एलओपीईएनएस असले कोड असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींच्या सीटा (तुमच्या कामाचं), मधे कॅटेगरी, शेवटी एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यभर. खाली मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल. आम्ही ओबीसी आणि पुण्याला बाहेरचे, म्हणून जीओबीसीओ बघितलं. मामानं चार नंबरला टाकलेलं पुण्याचं कॉलेज, भावाला पाहिजे होती तीच ब्रांच, बंद झालं ९२.७ ला. त्याच राउंडला! नुसतं ते वर असतं तरी मिळालं असतं.

मी प्रिंट काढून लाल पेनानं गोल करून मामाला दाखवलं. त्यानं चष्मा लावून बघितलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "मिळालं ना कॉलेज? पहिल्याच राउंडला?" हे वाक्य तो आजही लग्नाकार्यात बोलतो, "आमच्या भाच्याला पहिल्याच राउंडला", आणि मी ताटावरून उठायचीच बाकी राहते. खरं सांगायचं तर भावाचं तिथे वाईट काही चाललेलं नाही, मित्र आहेत, रोज घरी येता येतं, त्याला आता त्याचं काही वाटत पण नाही. मलाच वाटतं.

आणि मामाला एका गोष्टीचं क्रेडिट द्यायला पाहिजे, कागदपत्रं. नॉन क्रिमीलेअर सर्टिफिकेट पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं, आमचं संपलं होतं, तर भर उन्हात सेतूच्या चार चकरा मारून त्यानं नवीन काढलं. जात पडताळणीचा फॉर्म त्यानं भावाच्या अकरावीतच कॉलेजमधून भरून घेतला होता. तुम्हाला लागू असेल तर हे आत्ताच करा, निकालानंतर नाही. वेळेत व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं सर्टिफिकेट) नाही म्हणून ओपनमध्ये गेलेली मुलं बघितली आहेत मी, पर्सेंटाइल असून.

मुलीसाठी अजून एक. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, प्रवेश घेतला तर. मॅनेजमेंट कोट्यातून "ओळखीनं करून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर हे डोक्यात ठेवा.

ऑप्शन फॉर्मचं वर लिहिलेलं २०२३ चं आहे, नियम बदलत राहतात. २०२५ ला राउंड चार केले, आणि दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनमधलं, तिसऱ्याला पहिल्या सहामधलं काहीही मिळालं तरी फ्रीझ. म्हणजे मामाच्या पद्धतीनं भरलं तर आता अजूनच वाईट अडकाल. वरच्या सहांत घ्यायचं नाही असं एकही कॉलेज नको. तुमच्या वर्षाची पुस्तिका आली की ती स्वतः वाचा, मास्तर मामा असला तरी.

पुण्यात चांगलं कॉलेज कुठलं ते मी सांगत बसत नाही. माझ्या मते ब्रांच आधी बघा, कॉलेज नंतर. यावर पण मामाशी वाजलंय, पण ते राहू दे.

आणि रजिस्ट्रेशनला मोबाइल नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा द्या. आमच्याकडे शेवटच्या दिवशी पासवर्ड विसरला, ओटीपी गेला वडिलांच्या फोनवर, वडील बार्शी-पुणे गाडीवर आणि फोन टिकिटाच्या पेटीत.