पहिले मृत्युपत्र करताना

आपण मृत्युपत्र करण्याचा विचार वेळेवर केलात, हे उत्तम झाले. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. मात्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदारांनी आपल्यासमोर सही करणे आवश्यक असते. नवखी माणसे नेमकी इथेच चुकतात आणि ज्याला घर द्यायचे त्यालाच साक्षीदार करतात. त्याऐवजी आपल्याहून वयाने लहान, विश्वासू शेजारी किंवा नेहमीचे डॉक्टर निवडावेत.

दुसरी चूक नॉमिनीबाबत होते. सोसायटीत मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावल्याने सदनिका त्याच्या मालकीची होत नाही. तो ती वारसांच्या वतीने सांभाळतो. म्हणून मृत्युपत्रात सदनिकेचा क्रमांक आणि जमीन असल्यास सातबाऱ्यावरील गट क्रमांक जसाच्या तसा लिहावा.