पंप बिघडलाय की पाइप? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, मुळशीला आमचा छोटा बंगला आहे. मुलांच्या हट्टापायी मागच्या अंगणात पूल करायला घेतला, 24 बाय 12 फूट, खोली साडेतीन ते साडेचार. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता दोन महिन्यांत पाण्यात उतराल, आता सातवा महिना चालू आहे. टाइल्स झाल्या, पाणी भरलं, पंप लावला तर आत गोटे भरल्यासारखा खडखड आवाज, आणि पाणी जिथून परत पूलमध्ये येतं तिथून नुसते बुडबुडे. वर पाणी रोज एक इंच उतरतंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पंपच खराब आलाय, डीलर म्हणतो फिटिंग चुकलंय आमचा संबंध नाही. 90 टक्के पैसे देऊन झालेत, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो उरलेले द्या मग माणूस पाठवतो. आता नवीनच, पूल रिकामा करा, आतून वॉटरप्रूफिंगचा एक हात मारतो, पाऊस लागायच्या आत होऊन जाईल. मिस्टर म्हणतात देऊन टाकू आणि विषय संपवू. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, पैसे देऊ नका आणि पूल रिकामा करू नका. एवढं आधी मिस्टरांना वाचून दाखवा, बाकीचं चहा घेत घेत वाचा.

रिकामा का नाही ते सांगतो. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, जमीन एकदा तुडुंब प्यायली की खालचं पाणी वर चढतं आणि रिकामी टाकी म्हणजे मातीत पुरलेली होडी, ती उचलली जाते. अख्खी नाही उचलली तरी तळाला भेग पडते, टाइल्स फुगतात, खालचे पाइप सांध्यात तुटतात. तुमच्या पूलमध्ये साधारण 32 हजार लिटर पाणी आहे म्हणजे 32 टन वजन, तेच त्याला दाबून धरून बसलंय. तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व (खालच्या पाण्याचा दाब वाढला की ते पूलमध्ये घेणारी झडप) टाकलाय का हे विचारा जरूर, पण टाकलाय म्हणाला तरी जून ते सप्टेंबर मी स्वतः तरी पूल उपसणार नाही.

आता पंप. पंप हवा तयार करत नाही हो, हवा कुठून तरी आत येतेय. पूलकडून पंपाकडे येणारी जी सक्शनची लाइन असते तिच्यात पंप चालू असताना ओढ असते, त्यामुळे तिथला सांधा ढिला असला तर पाणी बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. सांधा वरून कोरडा ठणठणीत दिसतो म्हणून कोणाला संशय येत नाही आणि बिचाऱ्या पंपाच्या नावाने बिल फाटतं. आणि तुमच्या केसमध्ये गंमत अशी की रोज इंचभर पाणी उतरतंय, म्हणजे तीन-चार दिवसांत लेव्हल स्किमरच्या (भिंतीत वरच्या बाजूला पाण्यावरचा कचरा ओढणारी खिडकी) तोंडाखाली जात असणार आणि मग स्किमरच हवा ओढणार. दोन तक्रारी वाटतायत त्या कदाचित एकच असतील. आधी पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत भरा आणि मग ऐका आवाज येतो का.

तरी आला तर पंप बंद करून पुढचं पारदर्शक झाकण उघडा, त्याची रबरी रिंग काढून पुसा. कर्जतला एका फार्महाऊसवर मी गेलो होतो तिथे दुसरा पंप बदलून झाला होता, तिसऱ्याची ऑर्डर जाणार होती, आणि त्या रिंगखाली निघाली सिमेंटची खपली, नखाएवढी. काढली, रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं (व्हॅसलिन नको, रबर फुगतं), झालं. रिंग ठीक असेल तर पंप चालू ठेवून एक अगरबत्ती घ्या आणि सक्शनच्या एकेका सांध्याजवळ धरा, वारा नसताना. जिथे धूर सांध्याकडे खेचला जाईल तिथे तुमचा चोर. याचा व्हिडिओ काढा, तो पुढे कामाला येतो.

हे सगळं करून बुडबुडे गेले पण खडखड राहिली तर पाइप बारीक टाकलाय का बघा. पंपरूम दूर, मध्ये पाच-सहा एल्बो म्हणजे वळणं, आणि 63 एमएमच्या जागी 50 ची लाइन, हा पैसे वाचवायचा आवडता मार्ग आहे, पंपाला पाणी पुरत नाही आणि तो बोंबलतो. आणि संध्याकाळी पंप चालू असतानाच व्होल्टेज मोजून घ्या. 230 च्या जागी 180 मिळत असेल तर मोटर जास्त करंट खाते, तापते, एक दिवस वाइंडिंग जातं, आणि मग डीलर वॉरंटीला हात वर करतो.

गळतीचं बघू. 24 बाय 12 ला एक इंच म्हणजे रोजचे जवळपास 680 लिटर. उन्हाने उडून जातं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, मे महिन्यातही पाव इंचाच्या आसपास उडतं, इंच नाही. पायरीवर एक बादली ठेवा, आत पूलइतक्याच लेव्हलला पाणी, आतून आणि बाहेरून पेन्सिलची खूण, पंप बंद ठेवून 24 तास. मग तेच पंप चालू ठेवून. पाऊस नसलेले दोन दिवस बघून करा नाहीतर सगळं मुसळ केरात. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला म्हणजे गळती नक्की. पंप चालू असतानाच जास्त उतरत असेल तर पाणी पूलमध्ये परत आणणाऱ्या रिटर्नच्या लाइनमध्ये, नाहीतर फिल्टरच्या व्हॉल्वमधून वेस्टच्या (घाण पाणी बाहेर सोडायच्या) पाइपने चाललंय, त्या पाइपाचं तोंड एकदा बघून या. दोन्ही वेळा सारखंच उतरलं तर टाकी किंवा फिटिंग्ज. एखाद्या ठरावीक उंचीला येऊन उतरणं आपोआप थांबत असेल तर गळती त्याच उंचीला, आणि बऱ्याचदा ती लाइटच्या खोबणीला असते. आतून सरसकट एक हात मारायची गरजच पडत नाही मग.

खरं तर टाइल लावायच्या आधी पूल भरून आठवडाभर ठेवायला हवा होता. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, इथे लाखो रुपये घालून कोणी बघत नाही! तुमची ती वेळ गेली, बाकी वाचकांनी लिहून ठेवा.

आता माणूस. फोनवर वाद घालू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: काय बिघडलंय, बादलीचे फोटो, अगरबत्तीचा व्हिडिओ, आणि काम होऊन सलग पंधरा दिवस लेव्हल टिकली की त्या दिवशी उरलेले 10 टक्के. तेवढाच तुमच्या हातात लगाम आहे, तो सोडला की माणूस दिसणार नाही. पंपाचं बिल कोणाच्या नावावर आहे तेही आजच मागा, कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर असेल तर वॉरंटीसाठी पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. नाहीच ऐकलं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं.

न विचारलेलं एक. पाण्यातला लाइट 12 व्होल्टचा आहे ना आणि लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे ना हे दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. तोपर्यंत मुलं पाण्यात नकोत, कितीही रडली तरी.

प्रश्न : चिपळूणला घरामागे पूल केला, बोअरचं पाणी भरलं तेव्हा काचेसारखं होतं. क्लोरिन टाकलं आणि सकाळी चहा! फिल्टरवाला म्हणतो मोठा फिल्टर घ्या.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : फिल्टर नका घेऊ, पाण्यात लोह आहे. विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही, क्लोरिन पडलं की त्याचा गंज होतो आणि पाणी तांबूस. एक बादली बोअरचं पाणी घ्या, चिमूटभर क्लोरिन टाका, सकाळी तिचाही चहा झालेला दिसेल. आता पीएच 7.2 ते 7.6 मध्ये आणा, तुरटी फिरवा, पंप बंद करून रात्रभर शांत बसू द्या. सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने ओढा, पण व्हॉल्वचं हँडल फिल्टरवर नाही, वेस्टवर ठेवून, नाहीतर तो सगळा गाळ फिल्टरच्या वाळूत जाऊन बसेल. आणि हँडल फिरवताना पंप बंद. चालू पंपावर फिरवलं की आतलं गॅस्केट जातं, मग पाणी गुपचूप वेस्टने निघून जायला लागतं आणि तुम्ही मला परत पत्र लिहाल की पूल गळतोय.