छोट्या धोरण-संशोधन संस्थेची प्रशासनाची आणि हिशेबाची बाजू कशी भक्कम करावी?

तुमच्याकडे आठ संशोधक आहेत, हिशेब बघायला एक जण आठवड्यातून दोनदा येतो, आणि आता नवीन देणगीदार विचारतोय की एवढा निधी सांभाळायची व्यवस्था कुठे आहे. पुण्यातल्या अशाच एका संस्थेत मी बारा वर्षं लेखा आणि प्रशासन बघते, म्हणून लिहितेय.

नववा संशोधक घेण्याआधी पूर्णवेळ हिशेबनीस घ्या आणि प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा त्याला सोबत बसवा. मंजूर झालेलं बजेट नंतर त्याच्या हातात देऊन काही उपयोग होत नाही. आमच्याकडे दोन संशोधकांचे पगार एका प्रकल्पावर टाकले होते. काम त्यांनी खरंच केलं होतं, पण कोणत्या दिवशी कशावर केलं याची नोंद कुठेच नव्हती. देणगीदाराच्या ऑडिटरने तो खर्च नाकारला, शेवटचा हप्ता कापला गेला आणि त्या दिवाळीला पगार उशिरा झाले. कामात कसूर न केलेल्या माणसांना ते सोसावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून दर शुक्रवारी प्रत्येक जण टाइमशीट भरतो, अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने. संचालकसुद्धा. परदेशी निधी घेत असाल तर याला पर्याय नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, 2020 च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. मात्र संशोधन हेच मुख्य काम असलेल्या संस्थांना नियमांत सवलत आहे: क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्यांचे आणि तिचं विश्लेषण करणाऱ्यांचे पगार त्या मर्यादेत धरत नाहीत. कोण कशावर काम करत होतं हे दाखवता आलं, तरच ही सवलत पदरात पडते.

दुसरी अडचण फील्डवरच्या खर्चाची. धडगावच्या पाड्यांवर सर्वेक्षणाला गेलेल्या टीमला जीपवाला छापील बिल कुठून देणार? आम्ही मराठीत व्हाउचरचं पुस्तक छापून घेतलं: कुठून कुठे, किती किलोमीटर, गाडी नंबर, सही किंवा अंगठा, आणि 5,000 रुपयांच्या वर रक्कम असेल तर एक रुपयाचं रसीदी तिकीट (रेव्हेन्यू स्टॅम्प). निघण्याआधी हिशेबनीस टीमसोबत अर्धा तास बसतो. एकाच माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख का द्यायची नाही, हेही तेव्हाच सांगतो, कारण तसा खर्च आयकरात संस्थेच्या उद्दिष्टांवर झालेला धरत नाहीत. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचा वेगळा कप्पा, पहिल्या दिवसापासून हवं. मार्चमध्ये वर्षभराची व्हाउचरं प्रकल्पांत वाटत बसणं म्हणजे अंदाजपंचे काम.

धर्मादाय आयुक्तांकडचा बदल अर्ज मात्र अजिबात रेंगाळू देऊ नका. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत तो दाखल व्हायला हवा. आमचा एक अर्ज राहून गेला होता आणि बँकेने सही बदलून द्यायला नकार दिला.

मग हिशेबनिसाचा पगार कुठून आणायचा? प्रत्येक प्रस्तावातून, थोडा थोडा. भाडं, वीज, ऑडिट फी यांतला प्रकल्पाचा वाटा बजेटमध्ये उघडपणे लिहा. निधी मिळावा म्हणून आपणच तो कमी दाखवतो आणि पुढे संशोधनाचा कस जातो. कॅनडाच्या आयडीआरसी या विकास-संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेने चालवलेल्या थिंक टँक इनिशिएटिव्ह या कार्यक्रमाने 2019 पर्यंत सुमारे दहा वर्षं भारतासह 20 देशांतल्या संस्थांना प्रकल्पाशी न बांधलेला निधी दिला, तो संस्था म्हणून त्या उभ्या राहाव्यात यासाठीच. तसे देणगीदार थोडेच आहेत, पण विचारल्याशिवाय कोणीच देत नाही. मी आता प्रत्येकाला विचारते.

विश्वस्तांना दर महिन्याला एकच पान पाठवा: हातात किती महिन्यांचे पगार आहेत, कोणता हप्ता अडकलाय, कोणतं विवरणपत्र कधी भरायचंय. आमच्या बैठकीत हे पान आधी शेवटी, चहा आल्यावर निघायचं. आता बैठक त्यानेच सुरू होते, आणि हिशेबनीस ते स्वतः वाचून दाखवतो.