दारू सोडायची आहे, पण एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायची भीती वाटते. कोल्हापुरात चौकशी कुठे करू?

दादा, भीती मलाही होती. पहिल्या दिवशी दाराबाहेर पंधरा मिनिटं नुसता उभा होतो. आतून एक काका आले आणि काही न विचारता चहाचा कप हातात दिला. आडनाव, नोकरी, गल्ली कुणीच विचारलं नाही. फी नसते, बोलायची सक्ती नसते, मागे बसून ऐकलंत तरी चालतं. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. 'ओपन' मीटिंगला घरचं माणूस सोबत नेता येतं, 'क्लोज्ड' फक्त आपल्यासारख्यांसाठी.

१४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही विचारा. मीटिंगचा वार आणि वेळ निघण्याआधी फोनवर पक्की करून घ्या, बंद दार बघून परत फिरलं की पाय थेट गुत्त्याकडे वळतात.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. रोज पीत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका. हात थरथरतात, भास होतात, फिटसुद्धा येते, त्यात जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मीटिंग त्याच आठवड्यात. आणि वहिनींना सांगा, घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात.