शेंगाचटणी आणि पाकिटावरचा तक्ता

तुमच्या मूत्रपिंडाच्या आजाराचे निदान नुकतेच झाले आहे, तेव्हा खाऊचे कोणतेही पाकीट घेताना मागचा तक्ता 100 ग्रॅमसाठी आहे की एका वेळच्या खाण्यासाठी, हे आधी पाहा. 100 ग्रॅममागे 800 मिलिग्रॅम सोडियम असेल, तर 50 ग्रॅम फरसाणातून 400 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या 2,000 मिलिग्रॅमच्या सर्वसाधारण मर्यादेचा पाचवा हिस्सा पोटात जातो. या आजारात पोटॅशियम आणि फॉस्फरसवरही लक्ष ठेवावे लागते, पण ते तक्त्यात बहुधा छापलेले नसतात, म्हणून घटकांची यादी वाचावी लागते. तीत ‘फॉस्फेट’ हा शब्द किंवा 450, 451, 452 हे मिसळलेल्या फॉस्फेटांचे क्रमांक दिसले, तर पाकीट परत ठेवा, कारण मिसळलेले फॉस्फेट शेंगदाण्यातल्या नैसर्गिक फॉस्फरसपेक्षा शरीरात कितीतरी अधिक शोषले जाते. ‘कमी सोडियम’च्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. सोलापुरात राहून शेंगाचटणीला हात आवरणे किती जड जाते, हे मी जाणतो. माझ्या आहारतज्ज्ञांनी मला भाकरीबरोबर बिनमिठाची घरची चटणी चमचाभर चालेल असे सांगितले, पण तुमचे प्रमाण तुमच्या रक्ततपासणीवरूनच ठरेल. चुरमुरे खारे नाहीत ना, हेही दुकानात विचारून घ्या.