जंगलाचे छोटे तुकडे वाचवण्यात अर्थ आहे का, की सगळा पैसा मोठ्या अभयारण्यांवरच लावावा?

अर्थ आहे. याच मुद्द्यावरून माझं मावसभावाशी अकरा वर्षं वाजतंय, म्हणून लिहितेय.

मी पाच महिने तमिळनाडूत वालपराईला काम केलं. अनामलाई डोंगरांतलं हे सुमारे २२० चौरस किलोमीटरचं पठार. सगळीकडे चहा-कॉफीचे मळे आणि मध्येमध्ये अडकलेले वर्षावनाचे चाळीसहून जास्त तुकडे. कित्येक तर शंभर हेक्टरही भरत नाहीत, पण त्यांत सिंहपुच्छ माकडांचे कळप राहतात. ही माकडं हाडाची झाडावरची. रस्त्यावर फांद्या जुळलेल्या असल्या की वरच्या वर पलीकडे जातात.

आमच्या एका वळणावर तारांना लागतात म्हणून दोन्हीकडच्या फांद्या छाटल्या. चौथ्या दिवशी एक मादी खाली उतरली आणि गाडीखाली आली. मीच तिला उचलून बाजूला ठेवलं. आयाळ पावसाने चिकटलेली, अंग अजून गरम, आणि गालाच्या पिशवीत कुलेनिया या रानझाडाच्या बिया तशाच. कळप वर बसून हाका देत होता. संध्याकाळपर्यंत हलला नाही.

मग जुन्या होजपाइपच्या पट्ट्या विणून तिथे पूल टांगला. कित्येक दिवस एकही माकड त्यावर गेलं नाही. मोठा नर यायचा, पट्टी हाताने ओढून बघायचा, हुंगायचा, परत जायचा. शेवटी एक अर्धवट वयाचं पिल्लू धावत पलीकडे गेलं, आणि मागून सगळे.

मावसभाऊ दरवर्षी वृक्षारोपण करतो. त्याचं म्हणणं, "फांद्यांचं काय घेऊन बसलीस, मी हजार रोपं लावतो." सिल्व्हर ओक या परदेशी झाडाच्या हजार रोपांवर माकड काय खाणार? ब्राझीलमध्ये मनौसजवळ १९७९पासून मुद्दाम आजूबाजूच्या जंगलापासून वेगळ्या केलेल्या तुकड्यांचा अभ्यास चालू आहे. तिथे कडेपासून ३०० मीटरच्या आत मोठी झाडं आतल्या जंगलापेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने मेली. वारा आणि कोरडी हवा आत शिरते. म्हणजे आधी आहे ते झाड सांभाळायचं, कडेला तिथल्याच जातींची दाट लागवड करायची, मग बाकीचं.

मोठी अभयारण्यं लागतातच, हे मान्य. हत्तीचं एवढ्याशा तुकड्यात भागत नाही. पुलाने सगळं सुटतं असंही नाही. काही कळपांना घरातल्या खाण्याची चटक लागली आहे, त्यावर पूल काय करणार? पण तुकडे सोडून दिले तर दोन अभयारण्यांमध्ये जायला वाटच उरत नाही.

पैसे द्यायचेच असतील तर देण्याआधी विचारा, पाच वर्षांपूर्वी लावलेली किती रोपं जगली आणि कोणत्या जातीची. मावसभावाला मी हे दर दिवाळीला विचारते. अजून आकडा मिळालेला नाही.